भिंतीच्या भेगेतील माशी

जून महिना अर्धा सरला आहे असे समजा. मृगाच्या दोन-तीन सरी येऊन गेल्या आहेत, पण उकाडा काही कमी झालेला नाही. तुम्ही नागपूर जिल्ह्यातील कुहीला, किंवा तिथून आंभोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एखाद्या लहानशा गावात राहता. घर जुने, मातीच्या भिंतींचे, वर कवेलू. भिंतीला लागून गोठा, गोठ्यामागे शेणखताचा खड्डा. रात्री उकडते म्हणून ओसरीवर खाली अंथरूण टाकून तुम्ही झोपला आहात. आणि घोट्यापाशी काहीतरी चावते.

डास असावा म्हणून तुम्ही कान देता, पण गुणगुण ऐकू येत नाही. हात फिरवता तर काही सापडत नाही. कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात पाहिले, तर भिंतीवर एक करड्या रंगाचा ठिपका दिसतो. बोट जवळ नेताच तो उडत नाही. टुणकन उडी मारावी तसा चार बोटे पलीकडे जाऊन बसतो. ‘चिलट असेल’ असे म्हणून आपण कूस बदलतो.

ते चिलट नव्हे. ती वाळूमाशी. शास्त्रज्ञ तिला सँडफ्लाय म्हणतात. नावावरून ती नदीच्या वाळूत राहत असेल असे वाटेल, परंतु तिचा वाळूशी संबंध आहे तो मुख्यत्वे रंगापुरता. ह्या लेखात आपण तिचीच ओळख करून घेणार आहोत. कारण आकाराने ती डासाच्या जेमतेम तृतीयांश असली, तरी विदर्भातील लहान मुलांच्या जिवाशी तिचा संबंध आहे, आणि तो संबंध शोधून काढताना कीटकशास्त्रज्ञांना जे करावे लागले ते एखाद्या गुप्त पोलिसाच्या तपासासारखे आहे.

प्रथम तिचे रूप पाहू. लांबी दोन ते तीन मिलिमीटर. सगळे अंग आणि पंखसुद्धा बारीक केसांनी भरलेले. डोळे मोठे, काळे. ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे पंख. डास बसला की पंख पाठीवर एकावर एक मिटवतो. वाळूमाशी मात्र बसलेली असतानाही दोन्ही पंख वर उभारून ठेवते, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. ही खूण एकदा लक्षात राहिली की नुसत्या डोळ्यांनीही चूक होत नाही.

तिच्या चावण्याची तऱ्हाही निराळी आहे. डासाची सोंड सुईसारखी असते आणि ती सरळ बारीक रक्तवाहिनीत शिरते. वाळूमाशीची सोंड आखूड. तिच्यात सुईऐवजी करवतीच्या पात्यासारखे अवयव असतात. त्यांनी ती कातडी किंचित कापते, आत रक्ताचे एक सूक्ष्म डबके होते आणि ते ती शोषून घेते. म्हणूनच ती जागा जास्त चुरचुरते. चावते ती फक्त मादी; अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त हवे असते. एरवी नर आणि मादी दोघेही वनस्पतींच्या गोड रसावर जगतात. ही गोड रसाची गोष्ट लक्षात ठेवा, तिचे काम पुढे पडणार आहे.

आता तपासाची सुरुवात. १९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तिचा अभ्यास करत होते. (हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले आणि १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ह्या नावाने ओळखले जाते.) साथ मुख्यतः चिकुनगुन्याची होती. परंतु गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांपैकी दोन रुग्णांच्या रक्तात वेगळाच विषाणू निघाला. जगात तो कोणी पाहिलेला नव्हता. नागपूर परिसरातील चांदिपुरा ह्या ठिकाणाचे नाव त्याला देण्यात आले, आणि भट्ट व रॉड्रिग्ज ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो: एक टोक गोल, दुसरे सपाट. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्याने होणाऱ्या रेबीजचा विषाणू ह्याच कुळातला. त्याची लांबी सुमारे १५० नॅनोमीटर. म्हणजे आपल्या त्या इवल्याशा वाळूमाशीच्या लांबीत असे सुमारे पंधरा हजार विषाणू ओळीने मावतील.

त्यानंतर बरीच वर्षे ह्या विषाणूकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. दोन रुग्णांना ताप आला होता, इतकेच. शास्त्राच्या इतिहासात असे अनेकदा होते. एखादी गोष्ट सापडते, तिला नाव दिले जाते आणि ती कपाटात पडून राहते. मग २००३ सालचा उन्हाळा संपता संपता आंध्र प्रदेशात मुलांना अचानक मेंदूज्वर होऊ लागला. जून ते ऑगस्टच्या दरम्यान ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. तपासात चांदिपुरा विषाणू सापडला. २००४ मध्ये तो गुजरातेत दिसला. २००७ साली नागपूर विभागात साथ आली. रुग्णालयात दाखल झालेल्या ७८ मुलांपैकी निम्म्यांच्या बाबतीत चांदिपुरा विषाणू कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले, आणि ह्या ७८ पैकी शेकडा ४३ हून अधिक मुले वाचू शकली नाहीत. कुही, उमरेड, भिवापूर हे तालुके ह्याच नागपूर विभागात येतात.

ह्या आजाराची गती भयंकर असते. सकाळी खेळणारे मूल दुपारी तापाने फणफणते, उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध हरपते. काही मुले तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत दगावतात. बहुतेक रुग्ण पंधरा वर्षांखालचे. त्याच्यावर खास औषध नाही, लसही नाही. रुग्णालयात वेळेवर नेले, ताप उतरवला, झटके थांबवले, मेंदूवरील सूज कमी केली, तर मूल वाचण्याची आशा असते. तेव्हा पावसाळ्यात लहान भावंडाला जोराचा ताप येऊन झटका आला किंवा ते बरळू लागले, तर अंगारा-धुपाऱ्यात एक तासही न घालवता दवाखाना गाठायचा, एवढे आताच सांगून ठेवतो. रुग्णाला शिवल्याने हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो असे मात्र आढळलेले नाही. मग तो जातो कसा?

इथे कीटकशास्त्रज्ञाचे काम सुरू होते.

साथीच्या गावात वाळूमाश्या पुष्कळ आहेत, म्हणून त्याच गुन्हेगार, असे म्हणता येत नाही. त्याच गावात डास आहेत, पिसवा आहेत, ढेकूण आहेत, जनावरांवर डांस आणि गोचिड्या आहेत. शेजारी उभा असलेला प्रत्येक जण चोर नसतो. एखादा कीटक रोग पसरवतो असे म्हणायचे, तर पुराव्याची साखळी जुळावी लागते. तो कीटक माणसाला चावत असला पाहिजे. रोगाचा हंगाम आणि त्याचा हंगाम एक असला पाहिजे. निसर्गात पकडलेल्या कीटकाच्या शरीरात जिवंत विषाणू मिळाला पाहिजे, तोही पुन्हापुन्हा. कीटकाने विषाणू असलेले रक्त प्यायल्यावर तो विषाणू पोटातच पचून न जाता वाढला पाहिजे आणि लाळेपर्यंत पोचला पाहिजे. आणि शेवटी चावल्यावर तो दुसऱ्याच्या शरीरात उतरला पाहिजे. ह्यातील एक कडी जरी निसटली तरी शंका उरते.

ही साखळी जुळवणे किती अवघड असते ते समजण्यासाठी थोडे मागे आणि थोडे दूर, आसामात जाऊ. काळा आजार हा रोगही वाळूमाशीच पसरवते, असा संशय शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून होता. तो विषाणूमुळे नव्हे, तर एका सूक्ष्म एकपेशीय परजीवीमुळे होतो. रुग्णाला चावलेल्या माशीच्या पोटात हा परजीवी वाढतो हे दिसत होते. परंतु तीच माशी पुढे निरोगी प्राण्याला चावली तर त्याला रोग होत नसे. वर्षानुवर्षे प्रयोग फसले. अडचण कुठे होती? प्रयोगशाळेत माशांना दर वेळी रक्तच पाजले जात होते. निसर्गात मात्र माशी रक्ताच्या दोन जेवणांच्या मध्ये गोड रस पिते. स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास माशांना रक्तानंतर मनुका खायला दिल्या. आणि काय आश्चर्य! माशीच्या घशापर्यंत परजीवींची दाटी झाली. १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन ह्यांनी अशाच तऱ्हेने वाढवलेल्या माशा स्वतःहून पुढे आलेल्या माणसांना चाववल्या आणि काळा आजार वाळूमाशीच्या चाव्याने होतो हे निर्विवाद सिद्ध केले. मनुकेने सोडवलेले हे कोडे मला तरी कीटकशास्त्रातील फार सुंदर उदाहरण वाटते. कीटकाला प्रयोगशाळेच्या सोयीप्रमाणे वागवले की तो उत्तर देत नाही. त्याच्या सवयीप्रमाणे वागवले की देतो.

आता पुन्हा चांदिपुरा विषाणूकडे. वाळूमाशीवरचा पहिला ठोस पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पकडलेल्या वाळूमाशांतून ढांडा, रॉड्रिग्ज आणि घोष ह्यांनी हा विषाणू वेगळा काढला आणि १९७० साली ते जाहीर केले. १९८३ मध्ये अमेरिकेत टेश आणि मोदी ह्यांनी प्रयोगशाळेत दाखवले, की विषाणू वाळूमाशीच्या शरीरात वाढतो; इतकेच नव्हे, तर आईकडून अंड्यांत आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. २००५ साली पुण्याच्या संस्थेतील संशोधकांना आढळले, की बाधित नराकडून मादीकडेही तो जातो. म्हणजे जी माशी अजून कोणाला चावलेलीच नाही, तिच्या अंगातसुद्धा विषाणू असू शकतो!

डासाचे काय? प्रयोगशाळेत एडिस इजिप्ती ह्या डेंगीच्या डासातही हा विषाणू उत्तम वाढतो, आणि तो डास चावून उंदराला बाधाही करू शकतो. परंतु प्रयोगशाळेत एखादी गोष्ट होऊ शकते आणि निसर्गात ती होते, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निसर्गात पकडलेल्या कीटकांत विषाणू मिळाला तो मुख्यतः वाळूमाशांत.

आणि इथेच एक घोटाळा उभा राहिला. वाळूमाशांच्या आपल्याकडे दोन महत्त्वाच्या प्रजाती आहेत. एक फ्लेबोटोमस, दुसरी सर्जेंटोमायिया. फ्लेबोटोमस माणसाला आणि गुराढोरांना चावते, हे जगजाहीर. सर्जेंटोमायिया मात्र पाली, सरडे, बेडूक ह्यांचे रक्त पिणारी, म्हणून पुष्कळ शास्त्रज्ञ तिच्याकडे दुर्लक्ष करत. परंतु आंध्रातील साथीनंतर करीमनगर जिल्ह्यात पकडलेल्या सर्जेंटोमायियांत चांदिपुरा विषाणूच्या खुणा मिळाल्या. ते काम २००५ साली प्रसिद्ध झाले. मग जुलै २०१२ मध्ये विदर्भात मेंदूज्वराची साथ आली तेव्हा पुण्याच्या संशोधकांनी नागपूर भागातून ६२५ सर्जेंटोमायिया माशा गोळा केल्या.

ह्या ६२५ माशांचे पुढे काय झाले ते नीट पाहू, म्हणजे असे संशोधन प्रत्यक्षात कसे चालते ते कळेल.

एखाद्या गावात कीटक गोळा करणारे पथक येते तेव्हा त्यांच्याजवळ फार भारी यंत्रे नसतात. एक विजेरी, काचेच्या परीक्षानळ्या, कापूस, आणि तोंडाने ओढायची शोषकनळी. ही नळी म्हणजे काचेची नळी आणि तिला जोडलेली रबरी नळी. दोहोंच्या मध्ये बारीक जाळी, म्हणजे माशी घशात जात नाही. उजाडता उजाडता ही मंडळी गोठ्यात शिरतात आणि भिंतीच्या भेगा, कोनाडे, दाराच्या मागचा अंधार, गव्हाणीची मागची बाजू, रचलेल्या गोवऱ्या, असे कोपरे विजेरीने धुंडाळतात. घरातील आजीबाई विचारतात, “काय पाहून राहिले जी सकाळीसकाळी?” त्यांना माशी दाखवली, की त्या म्हणतात, “हे तर सदाचीच आहे आमच्याकडं!” खरे आहे, सदाचीच आहे. तिला हळूच नळीत ओढायचे आणि परीक्षानळीत सोडायचे. वाळूमाशी फार नाजूक. हवा कोरडी झाली किंवा ऊन लागले की मरते. मेली तर तिच्यातला विषाणूही नष्ट होऊ लागतो. म्हणून नळ्यांभोवती ओला कापूस आणि पुढचा प्रवास थंड पेटीतून.

प्रयोगशाळेत प्रत्येक माशीची जात ओळखावी लागते. फ्लेबोटोमसच्या पोटावरील केस उभे असतात, सर्जेंटोमायियाचे आडवे चापून बसलेले. खात्री करायची तर डोके कापून सूक्ष्मदर्शकाखाली घशातील पोकळी पाहायची. सर्जेंटोमायियात तिथे दातांची स्पष्ट रांग दिसते. शेकडो माशांची अशी तपासणी करणे म्हणजे डोळ्यांची कसोटीच! मग वीस-बावीस माशांचा एक गट करतात. २०१२ मधील त्या ६२५ माशांचे २९ गट झाले. गट कशासाठी? प्रत्येक माशी वेगळी तपासायची तर ६२५ प्रयोग करावे लागतील आणि त्यांतील बहुतेक कोरे जातील. गट केला की २९ प्रयोगांत काम भागते.

प्रत्येक गट खलात वाटून, गाळून, तो द्रव काचपात्रात वाढवलेल्या जिवंत पेशींवर सोडतात. ह्या पेशी आफ्रिकेतील एका जातीच्या माकडाच्या मूत्रपिंडापासून मूळ तयार केलेल्या आहेत. त्यांना व्हेरो पेशी म्हणतात. द्रवात जिवंत विषाणू असेल तर तो पेशींत शिरतो, वाढतो, आणि पेशी आकसून मरू लागतात. ४८ तासांनी २९ पैकी तीन गटांच्या पात्रांत पेशी मरताना दिसल्या. शास्त्रज्ञांना किती आनंद झाला असेल! परंतु विषाणू हाती लागला तो त्यांतील एकाच गटातून. त्याच्या जनुकाचा एक भाग वाचून पाहिला, तेव्हा तो चांदिपुराच असल्याचे ठरले.

इथे एक छोटेसे गणित करा. २९ गटांपैकी एका गटात विषाणू होता. त्या गटातील किमान एक माशी बाधित होती. जास्तही असतील, पण ते आपल्याला कळायला मार्ग नाही. म्हणजे ६२५ मध्ये किमान एक. हजारात किती? १००० ला ६२५ ने भागा: १.६. साथीच्या दिवसांत, साथीच्याच भागात ही स्थिती. म्हणजे शंभर माशा चावल्या तरी बहुधा त्यांतील एकही बाधित नसेल. ह्याचा अर्थ घाबरून जाण्याचे कारण नाही, असा एका बाजूने होतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्या गोठ्यात हजारो माशा निपजतात, तिथे बाधित माशी निघणारच. धोका कमी करायचा तर माशांची संख्याच उतरवली पाहिजे.

ती उतरवायची कशी? डासांच्या बाबतीत आपण डबकी बुजवतो, पिंपे कोरडी करतो, पाण्यात गप्पी मासे सोडतो. वाळूमाशीपुढे ह्यातले काही चालत नाही, कारण तिची अळी पाण्यात राहतच नाही. मादी ओलसर, अंधाऱ्या, कुजलेला पालापाचोळा किंवा शेण मिसळलेल्या मातीत अंडी घालते. अंड्यातून निघणारी अळी अगदी बारीक, फिकट अंगाची, काळ्या डोक्याची; शेपटाकडे लांबच लांब केस. ती मातीतले कुजके पदार्थ खाऊन चार वेळा कात टाकते आणि मग कोश होते. अंड्यापासून माशी होईपर्यंत साधारण एक ते दोन महिने लागतात. उबेत आणि ओलाव्यात कमी, थंडीत जास्त.

ही अळी शोधणे महाकठीण. शास्त्रज्ञ गोठ्यातील माती खरवडून आणतात आणि ती साखरेच्या संपृक्त द्रावणात ढवळतात. द्रावण जड असल्यामुळे माती तळाशी बसते आणि हलक्या अळ्या वर तरंगतात. तरीही कित्येक किलो माती धुतल्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या अळ्या मिळतात. डासांची पैदास जागच्या जागी दिसते. वाळूमाशीची गोठाभर विखुरलेली असते. त्यामुळे अळीवर औषध मारण्याची युक्ती इथे फारशी उपयोगी पडत नाही.

राहिली प्रौढ माशी. तिचे दोन दुबळेपण आपल्या कामी येतात. एक, ती फार दूर उडत नाही; तिचा संसार बहुधा काहीशे मीटरांत संपतो. दुसरे, दिवसभर ती भिंतीच्या भेगेत दडून बसते, आणि बहुधा खालच्या अंगाला. म्हणून काळ्या आजाराच्या कार्यक्रमात भिंतींवर औषध फवारताना जमिनीपासून सहा फुटांपर्यंतच फवारतात. हे सहा फूट कुणी कचेरीत बसून ठरवलेले नाहीत. पहाटे विजेरी घेऊन भिंती धुंडाळणाऱ्यांनी ते दिले.

फवारणीच्या सामर्थ्याचे एक नवल सांगण्यासारखे आहे. १९५३ साली भारतात हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि घराघरांत डीडीटी फवारले गेले. लक्ष्य होते डास. परंतु त्याच भिंतींवर बसणाऱ्या वाळूमाशाही मेल्या आणि काळा आजार कोणी न मारता जवळजवळ नाहीसा झाला! पुढे फवारणी थांबली, आणि १९७० नंतरच्या दशकात बिहारात तो रोग पुन्हा उसळला. आणखी एक गोष्ट झाली. डीडीटीने ज्या माशा मेल्या नाहीत त्यांचीच पुढची पिढी वाढली, आणि हळूहळू औषधाला दाद न देणाऱ्या माशा तयार झाल्या. म्हणून नंतर दुसऱ्या गटातील औषधांकडे वळावे लागले. गुजरातेत २०२४ च्या पावसाळ्यात मेंदूज्वराची साथ आली, १५ ऑगस्टपर्यंत देशभरातील २४५ रुग्णांपैकी ८२ दगावले आणि ६४ जणांत चांदिपुरा विषाणू सिद्ध झाला, तेव्हा गावोगाव मॅलाथिऑनची भुकटी भुरभुरण्यात आली.

साथ आल्यावर भुकटी टाकावीच लागते. परंतु गल्लीतून धूर सोडत जाणारी गाडी पाहून ज्यांना फार समाधान वाटते, त्यांच्याशी माझे जमत नाही. धूर रस्त्यावर, आणि माशी भेगेत! तिच्यापर्यंत पोचणारे औषध भेगेतच जायला हवे. त्याहून चांगले म्हणजे भेगच बुजवायला हवी. बिहारात माती आणि चुना मिसळून भिंतींना लेप देण्याचा प्रयोग झाला आहे. चुन्याने भेगा बंद होतात, ओलावा घटतो, आणि ती जागा अळीला राहण्याजोगी उरत नाही. कुहीसारख्या भागात मातीच्या भिंती लिंपण्याची रीत घराघरांत आहेच. पावसाळ्यापूर्वीच्या त्या लिंपणात चुना घालणे आणि गोठ्याच्या भिंतीचा खालचा भाग न विसरणे, एवढाच फरक करायचा. खताचा खड्डा आणि गोवऱ्यांची रास घरापासून शक्य तितकी लांब ठेवावी. झोपताना खाटेवर झोपावे, पायांवर पांघरूण असावे. मच्छरदाणीबद्दल एक सूचना: वाळूमाशी इतकी बारीक असते, की साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आरामात आत येते. बारीक विणीची किंवा औषध लावलेली मच्छरदाणी हवी.

आपल्या घरात वाळूमाशी आहे का, हे तुम्हाला स्वतःला पाहता येईल. कीटकशास्त्रज्ञ वापरतात तीच युक्ती. वहीच्या पानाएवढा जाड पांढरा कागद घ्या आणि त्याला दोन्ही बाजूंनी एरंडेल तेल लावा. काडीला अडकवून तो गोठ्यातील भिंतीच्या भेगेसमोर, जमिनीपासून हातभर उंचीवर, दिवस मावळताना टांगा. हे करताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्या. सकाळी कागद उतरवून भिंगाखाली पाहा. चिकटलेल्यांत डास असतील, मुंग्या असतील, खरी चिलटे असतील. केसाळ अंगाच्या, टोकदार पंखांच्या करड्या माशा वेगळ्या मोजा. तेलात पडल्यावर पंख उभे राहत नाहीत, हे ध्यानात असू द्या. असा एक कागद गोठ्यात, एक माजघरात, एक ओसरीवर लावा. दर आठवड्याला एकदा, मे महिन्यापासून दसऱ्यापर्यंत. तारीख, पाऊस पडला की नाही, आणि आकडा, एवढे वहीत लिहा. भिंतीला चुन्याचा लेप देण्यापूर्वीचे आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडले, की तुमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी उत्तम तक्ता तयार होईल. औषधांच्या भुकटीला मात्र तुम्ही हात लावायचा नाही. ते आरोग्य कर्मचाऱ्यांचे काम.

जाता जाता एक न सुटलेले कोडे. साथ येते ती पावसाळ्याच्या तोंडाशी. हिवाळ्यात मुले आजारी पडत नाहीत. मग उरलेले महिने हा विषाणू राहतो कुठे? एक शक्यता अशी, की अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरत तो माशांच्याच शरीरात टिकून राहत असेल. परंतु प्रयोगशाळेत अशा रीतीने उतरताना तो सगळ्या पिलांत जात नाही. मग दर पिढीला घटत जाऊन तो संपत का नाही? दुसरी शक्यता, एखादा प्राणी त्याला सांभाळत असेल. आंध्र प्रदेशात गाई, म्हशी, शेळ्या ह्यांच्या रक्तात ह्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली आहेत. म्हणजे त्यांना तो कधीतरी भेटलेला असतो. पण त्यांच्यापासून माशीला बाधा होण्याइतका विषाणू त्यांच्या रक्तात असतो का? आणि सर्जेंटोमायियाचे आवडते भक्ष्य म्हणजे भिंतीवरच्या पाली, त्यांचे काय? जानेवारीच्या थंडीत एखाद्या गोठ्याच्या भेगेतून, मातीतून, पालीच्या रक्तातून हा विषाणू कोणी शोधून काढला, तर साथ येण्यापूर्वीच तिला कुठे गाठायचे ते आपल्याला कळेल.